तोच हा, कशावरून?

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवांची सोंगं नाचत येतात. मुखवटा चढला की काल शेतात राबणाऱ्या माणसापुढे गाव हात जोडतं. मुखवटा तोच राहतो, नाचणारा पिढीगणिक बदलतो. तरी देव तोच, असं गाव कशाच्या आधारावर म्हणतं?

पूर्वी पाहिलेला देवदत्त आज पुन्हा दिसला, तर ‘तोच हा’ म्हणण्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, प्रत्यभिज्ञा म्हणतात. क्षणभंगवादी बौद्धांचा याला आक्षेप होता: दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, आपण साम्यालाच एकत्व समजतो.

वायफायला जोडलेला संगणक याच वादात सापडतो. आश्रमशाळेत वायफाय पुरवणारे तीन खोके, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बसवून तिन्हींना एकच नाव दिलं, तर पडद्यावर ते एकच दिसतं. आपण नेमके कोणाशी जोडलेलो आहोत हे पाहायला विंडोजमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा द्यावी लागते. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करायचं. तिथे बीएसएसआयडी दिसतो: ॲक्सेस पॉइंटचा 48 बिटांचा, 12 अक्षरी पत्ता. खोका एकच असला तरी 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झसाठी त्याचे पत्ते वेगळे असतात.

पण हा पत्ताही यंत्र स्वतःच सांगतं. दुसरं यंत्र तोच पत्ता लावून बसू शकतं.

म्हणून वायफायच्या डब्ल्यूपीए-2 या सुरक्षा-पद्धतीत, सामायिक पासवर्ड असेल तर, दोन्ही बाजू पासवर्ड न उच्चारता तो आपल्याला ठाऊक असल्याचं सिद्ध करतात. इथेही एक उणीव उरते. सगळ्या शाळेला माहीत असलेल्या पासवर्डाने मंडळी ओळखू येते, व्यक्ती नाही. मोठ्या संस्थांत त्यामुळे प्रमाणपत्र लागतं: ‘हे यंत्र आमचंच’ अशी तिसऱ्या, विश्वासू पक्षाची ग्वाही.

प्रत्यक्ष अपुरं पडलं की न्यायदर्शन शब्दप्रमाणाकडे वळतं. जो वस्तू स्वतः जाणतो आणि ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. त्याचं वचन प्रमाण. बोहाड्याच्या परंपरेत अनेक सोंगांचे मान ठराविक घराण्यांकडे चालत येतात आणि त्या मानाला अख्खं गाव साक्षी असतं. देव ओळखला जातो तो नुसत्या मुखवट्यावरून नाही, या साक्षीवरूनही.

संगणकापाशी असं गाव नसतं. अनोळखी प्रमाणपत्राची सूचना येते तेव्हा पुष्कळ जण न वाचता ‘होय’ दाबतात, आणि आप्त कोण हा निर्णय कोणीच घेतलेला नसतो. अशा वेळी थांबून, ज्याने ते जाळं उभारलं त्या माणसाला ‘हे आपलंच का?’ असं विचारणं म्हणजे शब्दप्रमाण खरोखर वापरणं होय.