खेळ परका, क्रियापद घरचे

परदेशातून आलेल्या खेळाचे शब्द आपल्या भाषेत घडवावेत की उसने घ्यावेत? हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे. ज्या नियमान्वये खेळाडूला दोषी ठरवावयाचे, तो नियम त्याला त्याच्या भाषेत कळावयास नको काय?

आग्नेय नायजेरियातील इग्बो भाषेचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. इंग्रजी अमदानीत तेथे फुटबॉल रुजला, तो आपली परिभाषा घेऊनच. इग्बोतील शब्द सामान्यतः स्वरान्त. म्हणून 'बॉल'चा 'बॉलू' झाला. पाहुणा खरा, पण उंबरठा ओलांडताना त्याने घरची रीत पाळली. याहूनही अर्थपूर्ण गोष्ट क्रियापदाची. नाचणे म्हणजे 'इग्बा एग्वू', धावणे 'इग्बा ऑसॉ', कुस्ती खेळणे 'इग्बा म्ग्बा'. आणि फुटबॉल खेळणे 'इग्बा बॉलू'! नाम परके राहिले, पण क्रियापदाने त्याला नृत्य आणि कुस्ती यांच्या पंक्तीला बसविले. त्या समाजात कुस्तीचा मान केवढा, हे चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) ही कादंबरी वाचणाऱ्यास सांगावयास नको. तिच्या नायकाची कीर्ती कुस्तीतील विजयावरच उभी आहे.

शुद्धिवादी म्हणेल, उसनवारीने भाषा मिंधी होते. त्याचे भय अगदीच पोकळ नाही. प्रत्येक नवी वस्तू परकेच नाव घेऊन आली, तर स्वभाषा चुलीपुरतीच उरावयाची. परंतु पंडिताने घडविलेला आणि कोणाही खेळाडूच्या ओठी न आलेला शब्द, तो तरी घरचा कसा म्हणावा?

मला वाटते, येथे एक विवेक करावयास हवा. चेंडू डोळ्यांना दिसतो. त्याचे नाव उसने असले तरी कोणाचे अडत नाही. 'ऑफसाइड' मात्र दिसत नाही. ती वस्तू नव्हे, तो निर्णय आहे; आणि निर्णयामागील कारण स्वभाषेत उलगडल्यावाचून तो केवळ शिट्टीचा हुकूम राहतो. आपल्याकडील 'पायचीत' हा शब्द पाहा. इंग्रजी शब्दांच्या मागे अक्षरशः न जाता त्याने आखाड्यातला 'चीत' उचलला आणि फलंदाज कशाने पडला ते एका दमात सांगितले. म्ग्बाचा वारसा असलेल्या इग्बोलाही अशी शिदोरी घरातच आहे.

२०१८ साली बी. बी. सी.ने इग्बो भाषेत वृत्तसेवा सुरू केली. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याला कोशमंडळाच्या निर्णयाची वाट पाहत बसता येत नाही. सामना संपला की बातमी द्यावीच लागते. त्याने भाषेची श्रीमंती सिद्ध करण्याच्या भरीस पडू नये. एवढेच पाहावे की, गावच्या मैदानावर बाद ठरलेल्या पोराला आपण का बाद झालो हे कळेल. ज्याला निवाडा कळत नाही, त्याला तो निमूटपणे मानता येतो. त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.