पायाखालचा दगड



धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना घेऊन आम्ही वसईचा किल्ला पाहायला गेलो होतो. फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या देवळात सावली पाहून आम्ही डबे उघडले. एका मुलीने विचारले, "फादर, आपण कुणावर बसलोय?" खाली पोर्तुगीज अक्षरांचा थडग्याचा दगड होता. आम्ही ओशाळलो.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. इथून नेलेली एक घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही आहे. हे अवशेष पाहताना कुणाला विजयाचा अभिमान वाटतो, कुणाला हरल्याची खंत. पण दगडाखाली निजलेल्या माणसाकडे दोघांचेही लक्ष नसते.

जिवंताला मान दिला तर परतफेडीची आशा असते. मृताकडून काहीच मिळायचे नसते. म्हणूनच तिथे आपल्या आदराची खरी परीक्षा होते. तो माणूस आपला होता की परका, हा प्रश्नच उरत नाही. किल्ल्यातल्या नागेश्वराच्या देवळाशीही आपण तितक्याच अदबीने वागले पाहिजे.

किल्ला जरूर पाहा, फोटोही काढा. फक्त बसण्याआधी खाली पाहा.

तुमचे धर्मगुरू