बाजाराचे इमान

नाशिकच्या जुन्या गावात शिरले की बाजारांचीच नावे आधी कानांवर पडतात. रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार, दूधबाजार, दहीपूल. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. राज्यकर्ते बदलले, गावाचे नाव बदलले, बाजार मात्र भरत राहिला. आजही बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो आणि खेड्यापाड्यांतून माणसे येतात.

बाहेरगावचा कोणी काळारामाच्या दर्शनाला येतो, कोणी बडी दर्ग्यात हजरत सय्यद सादिकशाह हुसैनी यांच्या जियारतीला. परतताना दोघांचीही पावले बाजाराकडे वळतात. मशिदीत आपण आपल्या माणसांत उभे असतो, मंदिरात ते त्यांच्या. चौकात मात्र अनोळखी माणूस अनोळखी माणसासमोर उभा राहतो आणि त्याच्या शब्दावर पैसे मोजतो. म्हणून आम्हांला वाटते, एखाद्या गावाची नीती पाहायची असेल तर तिथल्या बाजारपेठेत जावे. ज्याला आपण ओळखत नाही, जो उद्या आपल्याला भेटणारही नाही, त्याच्याशी प्रामाणिक का राहायचे? हा प्रश्न बाजार रोज विचारतो.

भांडी बाजाराचेच उदाहरण घेऊ. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. यात्रेकरू गोदेचे पाणी घरी न्यायला तांब्याचा गडू घेत, लेकीच्या लग्नाला पितळेची पातेली घेतली जात. पण तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, म्हणून भांड्याला कल्हई हवी. भांडे घडवणारा तांबट किंवा कासार, आणि कल्हई करणाऱ्यांत महाराष्ट्रभर मुसलमान कारागिरांचा भरणा मोठा. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून सारखे पसरवायचे. काळवंडलेले भांडे बघता बघता चांदीसारखे होई. स्टीलची भांडी आली आणि हा धंदा बसला. आज कल्हईवाला शोधावा लागतो.

या धंद्यातली खरी गोष्ट डोळ्यांना दिसत नसे. कथील महाग, शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळले तरी भांडे पहिल्या दिवशी तसेच चमके. घरच्या बाईला ते कळायला मार्ग नव्हता. शिसे मात्र जेवणातून लेकरांच्या पोटात गेले असते. घर हिंदूचे, स्वयंपाक हिंदूचा, आणि त्या स्वयंपाकाची सुरक्षितता एका मुसलमान कारागिराच्या इमानावर अवलंबून. उलट बाजूही तशीच. सराफ बाजारात मुसलमान बाई नथ किंवा बांगड्या घेते तेव्हा सोन्याचा कस तिला कुठे कळतो? हॉलमार्क नव्हता तेव्हा सोनाराच्या शब्दाखेरीज तिच्या हाती काय होते?

कोणी म्हणेल, हे सगळे गरजेपोटी. त्यात प्रेम नाही, धर्म नाही, फक्त फायदा आहे. आक्षेप खोटा नाही. गरज संपली की असा शेजार संपू शकतो, आणि दंगलीत कालचे गिऱ्हाईक ओळख विसरते हेही आपण पाहिले आहे. तरीही गरजेला हिणवणे आम्हांला पटत नाही. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात गेला आणि पाणी भांडी बाजारात, सराफ बाजारात शिरले. त्या पाण्याने पाटीवरचे नाव वाचले नाही. एकमेकांवाचून आपले चालत नाही हे कळणे, ही माणुसकीची पहिली पायरी आहे. प्रेम वरच्या पायरीवर असेल. पण खालची पायरी काढून वर जाता येत नाही.

इस्लामने ही पायरी फार गांभीर्याने घेतली आहे. कुरआन शरीफमधील ८३ व्या सूऱ्याचे नावच मापात खोट करणाऱ्यांवरून पडले आहे. स्वतः घेताना पुरेपूर घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे यांना त्यात कडक इशारा आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना तौहीदची शिकवण दिली आणि तिच्या जोडीनेच माप पुरे भरा असे बजावले. प्रेषितांनी (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असा जाब त्यांनी विक्रेत्याला विचारला. मापात खोट करणाऱ्याने गिऱ्हाइकाचा धर्म कोणता, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. आणि हजरत आयेशा (र.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी घरासाठी जव उधार घेतले ते एका यहुदी माणसाकडून, चिलखत गहाण ठेवून. अखेरपर्यंत ते चिलखत त्याच्याकडेच होते.

असे असताना आपल्या मोहल्ल्यांत हलाल म्हटले की फक्त मटणाचा विचार का होतो? जनावर कसे कापले याची चौकशी करणारा, ज्या तराजूत ते तोलले त्याची चौकशी करतो काय? खोट्या मापाची कमाईही हरामच. 'आपल्याच माणसाकडून घ्या' असे आपल्यातले काही जण सांगतात, तेही आम्हांला मान्य नाही. चांगला माल सोडून केवळ नाव पाहून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या बहिष्काराला आपल्या हाताने बळ देणे.

आणि तो बहिष्कार आज दारात उभा आहे. २०२० च्या कोरोनाकाळात मुसलमान भाजीवाल्यांविषयी अफवा पसरल्या. त्यांच्याकडून घेऊ नका, अशी आवाहने त्यानंतरही होत राहिली. कावड यात्रेच्या वाटेवरील खाणावळींनी मालकाचे नाव लावावे असे आदेश उत्तर प्रदेशात निघाले. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. खाणावळवाल्याला पदार्थ कोणता आहे हे विचारणे रास्त. तो कोण आहे हे विचारणे ही बाजाराची रीत नव्हे.

हे हत्यार नवे नाही, आणि पहिल्यांदा आपल्यावर चाललेलेही नाही. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचा अहवाल आला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्य हक्क मागू लागले की गावातला दुकानदार त्यांना माल देणे बंद करतो, हे त्या अहवालाने नोंदवले. मारहाणीपेक्षाही हा मार मोठा, कारण त्यात हात उचलावा लागत नाही. फक्त तराजू खाली ठेवायचा. जातपंचायतींच्या अशाच जुलमाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. दलित बांधवांनी जे पिढ्यान्‌पिढ्या सोसले, ते आपल्या वाट्याला आल्यावरच आपल्याला कळावे काय, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

मग आपण काय करायचे? बहिष्कार घालणाऱ्याला आपण रोखू शकू की नाही, हे सर्वस्वी आपल्या हाती नाही. कायदा आहे, न्यायालय आहे, तो लढा लढावाच लागेल. आपल्या हाती आहे ते कल्हईवाल्याच्या हाती होते तेच. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, तिथे खोट न करणे. ते करूनही कोणी पाठ फिरवील. पण मग खोट त्याच्या मनात असेल, आपल्या मापात नसेल.