जमीनदारी गेल्यानंतरचा जमीनदार

'जलसाघर'मधली शेवटची मैफल. रोशन कुमारीचा नाच संपलेला आहे, बैठकीत वाहवा चालली आहे आणि महिम गांगुली, गावातला नवा पैसेवाला, बक्षिसी द्यायला हात पुढे करतो. तेवढ्यात एका काठीची वाकडी मूठ येते आणि त्याच्या मनगटात अडकते. काठी जमीनदार बिश्वंभर रायची. तो उठत नाही, आवाज चढवत नाही. पहिली बिदागी देण्याचा मान घरच्या यजमानाचा, एवढंच तो बजावतो आणि घरातल्या उरल्यासुरल्या मोहरांची थैली नर्तकीला देऊन टाकतो. उद्या दिव्यात तेल कुठून येणार हा प्रश्न त्या घरात आहे, आणि मनगटाच्या त्या एका हालचालीत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची हुकमत शाबूत आहे.

ती काठी छबी बिस्वास यांच्या हातात आहे. कोलकात्यात १९०० साली जन्मलेला हा नट १९३६ साली 'अन्नपूर्णार मंदिर'मधून पडद्यावर आला. व्यावसायिक बंगाली रंगभूमीवर त्यांचा मोठा दबदबा होता. चित्रपटांत ते बहुतेक वेळा नायकाचे किंवा नायिकेचे वडील, काका, मालक, न्यायाधीश असायचे. 'जलसाघर' १९५८ साली आला तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. ज्या वयात नटाला चार प्रसंगांच्या भूमिकेवर समाधान मानायला लावलं जातं, त्या वयात सत्यजित राय यांनी सबंध चित्रपट त्यांच्या खांद्यावर ठेवला.

जुन्या काळावरचे चित्रपट पाहताना मला नेहमी वाटतं, की तो काळ आपण चुकीच्या जागी शोधतो. झुंबर भाड्याने मिळतं. जामेवारी शाल, हुक्का, अत्तरदाणी, चुणीदार धोतर, सगळं मिळतं. चांगला कलादिग्दर्शक असेल तर भिंतीचा पोपडासुद्धा बरोबर त्या दशकातला काढून देतो. खुर्चीत बसण्याची रीत कोण देणार? नोकराला हाक न मारता बोलावणं, नको असलेल्या माणसाला बसायला सांगण्यापूर्वी अर्धा क्षण थांबणं, हा काळ माणसाच्या शरीरात साठलेला असतो आणि तो पडद्यावर आणायचं काम चरित्र अभिनेता करतो. नायकाला ते करता येतंच असं नाही, कारण नायक बहुधा आजच्या प्रेक्षकाचा प्रतिनिधी म्हणून त्या काळात गेलेला असतो.

बंगालच्या जमीनदारीचं मूळ १७९३ सालच्या कायमधारा पद्धतीत आहे. पश्चिम बंगालमध्ये ती मोडणारा कायदा १९५३ साली झाला आणि बंगाली पंचांगातल्या १ वैशाख १३६२ या दिवशी, म्हणजे एप्रिल १९५५ मध्ये, जमीनदारांचे हक्क सरकारजमा झाले. 'जलसाघर' त्यानंतर तीन वर्षांनी आला. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या मूळ कथेतला काळ त्याच्या बराच आधीचा असला, तरी चित्रपट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था नुकतीच कायद्याने संपली होती. थिएटरात बसलेल्यांपैकी अनेकांनी असे बाबू डोळ्यांनी पाहिले होते, कोणी त्यांच्याकडे कारकुनी केली होती, कोणी त्यांचा सारा भरला होता. म्हणजे नटाची परीक्षा घेणारे साक्षीदार समोरच बसले होते. आज कोणी पेशव्यांची भूमिका चुकीची केली तर ती चूक पकडणारा एखादा अभ्यासक असतो. छबीबाबूंची चूक शेवटच्या रांगेतल्या पानवाल्यानेही पकडली असती.

चित्रीकरणाच्या जागेची गोष्टही अशीच विलक्षण आहे. राय यांनी कितीतरी वाडे पाहिले, एकही मनासारखा मिळेना. शेवटी मुर्शिदाबाद जिल्ह्यात लालगोला इथल्या चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्याने त्यांना निमतिताचं नाव सुचवलं. पद्मेच्या काठावरची ती राजबाडी त्यांना पाहताक्षणी पसंत पडली. ताराशंकरांना हे कळवलं तेव्हा निघालं ते असं, की त्यांच्या कथेतला जमीनदार निमतिताच्याच उपेंद्रनारायण चौधुरी यांच्यावर बेतलेला होता. लेखकाने ती राजबाडी स्वतः पाहिली नव्हती, जमीनदारांवरच्या एका पुस्तकातून ती त्याच्याकडे आली होती. मैफलीचं दालन मात्र तिथे हवं तसं नव्हतं. ते कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं. बाहेरचा वाडा खरा, आतलं दालन लाकूड-प्लास्टरचं, आणि या दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे छबी बिस्वास यांची चाल. गच्चीवरून जिना उतरून तो माणूस दालनात येतो तेव्हा आपण मुर्शिदाबादेतून स्टुडिओत आलो हे कळतसुद्धा नाही.

इथे माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. बिश्वंभर राय हा संगीतासाठी सर्वस्व उधळणारा माणूस. बेगम अख्तर त्याच्यासमोर गातात, उस्ताद सलामत अली खाँ गातात. आणि छबी बिस्वास यांना गाण्याचा कान नव्हता. हे राय यांनीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे 'नट त्या जगातला होता, म्हणून जमलं' हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही. मैफलीतला तो चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे, जागेवर येणारी बोटं, ही त्यांनी पाहून उचललेली आणि कसून बसवलेली गोष्ट होती. १९६३ साली लुचिनो व्हिस्कोन्ती यांनी 'द लेपर्ड'मधला सिसिलीचा राजपुरुष बर्ट लँकेस्टर या अमेरिकन नटाकडून करून घेतला. लँकेस्टर न्यूयॉर्कच्या साध्या वस्तीत वाढलेले, उमेदीत सर्कशीत कसरती करणारे. तरी तो उमराव खरा वाटतो. तेव्हा काळ शरीरात असतो हे खरं, पण तो जन्मानेच यावा लागतो असं नाही. अनेक वर्षं निरखून तो अंगात मुरवता येतो. त्यासाठी वय लागतं, आणि एकाच तऱ्हेची माणसं पुन्हा पुन्हा वठवण्याची संधी लागते.

आपण या पुनरावृत्तीला 'साचा' म्हणून नाक मुरडतो. मला वाटतं, चरित्र अभिनेत्याच्या बाबतीत हा साचाच त्याची अभ्यासिका असतो. ब्रिटनमध्ये जुन्या काळावरच्या मालिकांसाठी अशा नटांची फळीच आहे. 'डाउन्टन ॲबी'त वाड्याची कारभारीण मिसेस ह्यूज करणाऱ्या स्कॉटिश अभिनेत्री फिलिस लोगन आठवून पाहा. अशी माणसं एका वर्गाचा अभ्यास आयुष्यभर करत राहतात. छबी बिस्वास यांनी बंगालच्या वरच्या वर्गाचा असा अभ्यास केला आणि त्याची प्रत्येक बाजू वेगळ्या भूमिकेत मांडली.

'देवी' (१९६०) घ्या. काळ १८६०च्या आसपासचा. कालीकिंकर हा देवीभक्त जमीनदार. सुरुवातीला त्याची धाकटी सून दयामयी त्याचे पाय चेपते आहे, शर्मिला टागोर तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या. सासऱ्याच्या तोंडी लेकीसारखी माया आहे. मग त्याला स्वप्न पडतं की आपली सून साक्षात काली आहे, आणि सकाळी हा भारदस्त म्हातारा त्याच मुलीच्या पायांवर लोळण घेतो. ती भिंतीकडे तोंड वळवते, पायाची बोटं आक्रसून घेते. पाहताना अंगावर काटा येतो तो छबीबाबूंमुळे. त्यांनी कालीकिंकरला ढोंगी केलेला नाही, वेडाही केलेला नाही. त्याची भक्ती खरी आहे, माया खरी आहे आणि अधिकारही खरा आहे. घरात त्याचं स्वप्न हाच कायदा असल्यामुळे त्या मुलीचं आयुष्य मातीला मिळतं. नटाने किंचित जरी खलनायकी छटा दिली असती तर आपण सुटलो असतो, दोष एका दुष्ट म्हाताऱ्यावर टाकून घरी गेलो असतो. त्यांनी आपल्याला ती सूट दिली नाही.

'जलसाघर'मध्येही हेच. चित्रपटाचं संगीत विलायत खाँ यांचं. खाँसाहेबांना जमीनदारांबद्दल सहानुभूती होती, त्यामुळे संगीत आपल्याला हवं होतं त्यापेक्षा त्या माणसाच्या बाजूला जास्त झुकलं, असं राय यांचं मत होतं. मला ते पटतं. सतार त्याला क्षमा करते. छबी बिस्वास करत नाहीत. मैफलीच्या हट्टापायी बायको-मुलाला वादळी नदीतून परत बोलावणारा बाप ते पूर्णपणे दाखवतात, त्याचा गर्व दाखवतात, त्याचा आळस दाखवतात. आणि तरी तो माणूस आपल्याला नकोसा होत नाही.

याच नटाने १९५७ साली तपन सिन्हा यांच्या 'काबुलीवाला'त रहमत केला. आपल्याकडे बलराज साहनींचा १९६१ सालचा रहमत जास्त माहीत आहे. छबीबाबूंचा रहमत त्याच्या चार वर्षं आधीचा. जन्मभर दिवाणखान्याच्या आतली माणसं वठवणारा नट इथे उंबरठ्याबाहेर उभा राहतो आणि आत कोणी घेईल का याची वाट पाहतो. मुलीच्या पंजाचा ठसा असलेला चुरगळलेला कागद तो उलगडून दाखवतो तेव्हा तोच हात आठवतो, जो पुढच्या वर्षी काठीच्या मुठीवर असणार होता. आणि 'कांचनजंघा'तला (१९६२) रायबहादूर इंद्रनाथ चौधुरी तर जमीनदारही नाही, पाच कंपन्यांचा अध्यक्ष आहे. काळही आजचाच, म्हणजे तेव्हाचा. पण बिश्वंभरबाबूंची हुकमत सुटाबुटात शिरून दार्जिलिंगच्या रस्त्यावर हिंडते आहे. पक्ष्यांवर जीव टाकणाऱ्या मेहुण्याला तो विचारतो, त्या पक्ष्याचं भाजून काही होतं का. व्यवस्था कायद्याने संपली, तिची वागणूक संपली नाही, हे त्या एका वाक्यात येतं.

मराठीत आपण जुन्या काळाकडे निराळ्या वाटेने गेलो. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतून आपल्याला गड, तलवार आणि स्वाभिमान मिळाला, आणि त्याची आपल्याला गरजही होती. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) गजानन जागीरदारांनी न्यायाधीश उभा केला. पेशवाईचं सगळं वैभव एका ताठ मानेत कसं मावतं ते त्यात दिसतं. 'श्यामची आई'त (१९५३) कोकणातल्या खोताचं घर खचताना दिसतं, पण ते आपण आईच्या बाजूने, तिच्या चुलीपाशी बसून पाहतो. 'सामना'त (१९७५) निळू फुल्यांचा हिंदुराव सत्तेच्या ऐन भरात आहे. ज्याची सत्ता गेली आणि सवय राहिली असा इनामदार, असा खोत, असा देशमुख मधोमध ठेवून केलेला चित्रपट मला मराठीत पटकन आठवत नाही. खरं तर आपल्याकडेही १९४८ साली कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. ही महाराष्ट्रातली फार मोठी आणि न्याय्य घटना. त्या दिवशी कुळाच्या घरी काय झालं आणि वाड्याच्या ओसरीवर काय झालं, ही दोन्ही चित्रं आपल्या पडद्यावर यायला हवी होती.

छबी बिस्वास १९६२च्या जूनमध्ये मोटार अपघातात गेले. 'कांचनजंघा' प्रदर्शित होऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांच्यानंतर, अव्वल दर्जाचा व्यावसायिक नटच लागेल अशी मध्यमवयीन माणसाची भूमिका आपण लिहिली नाही, अशी कबुली राय यांनी दिली आहे. एका नटाच्या जाण्याने दिग्दर्शकाची लेखणी एका दिशेने जायची थांबली, याहून मोठी पावती मला तरी माहीत नाही. राय नंतरही जुन्या काळात गेले. 'चारुलता', 'शतरंज के खिलाडी', 'घरे बाइरे' हे सगळे नंतरचेच. 'घरे बाइरे'त व्हिक्टर बॅनर्जींचा निखिलेश जमीनदारच आहे, पण तो स्वतःच्या हुकमतीला संकोचणारा आहे. २०१३ सालच्या 'लुटेरा'त कोलकात्याचे बरुण चंदा पुन्हा जमीनदार झाले आणि काळ नेमका १९५३चा होता. राय यांच्या 'सीमाबद्ध'मध्ये कंपनीतला अधिकारी झालेला हा नट उतारवयात त्या दिवाणखान्यात बसला आणि शोभला. कोलकात्यात ही परंपरा पातळ झाली असेल, तुटलेली नाही.

आपल्याकडे ज्यांनी लहानपणी असे वाडे आतून पाहिले, ज्यांच्या आजोबांची कुळं जमीन घेऊन गेली किंवा ज्यांचे आजोबा स्वतः कूळ होते, असे नट आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मालिकांमध्ये त्यांच्या वाट्याला झोपाळ्यावर बसून आशीर्वाद देणारे आजोबा येतात. लेखक-दिग्दर्शकांनी त्यांच्यासाठी एक तरी पूर्ण भूमिका लिहावी, आणि ती पुढच्या दोन-तीन वर्षांतच लिहावी. जोतं, ओसरी, दिंडी दरवाजा नंतरही उभारता येईल.