पैशाचं नाव घेताना

घरात थोडी शांतता असेल अशी वेळ निवडा. एखादं नाणं तळहातावर घ्या, कोणतंही. लगेच मूठ मिटू नका. धातूचा गारवा हाताला जाणवू द्या आणि हाताच्या उबेनं तो ओसरेपर्यंत थांबा. मग हलकेच त्याचं नाव घ्या. रुपया.

रूप्य म्हणजे छाप उमटवलेली चांदी. सोळाव्या शतकात शेरशहा सूरीनं साधारण साडेअकरा ग्रॅम वजनाचं चांदीचं नाणं पाडलं, त्याचं नाव रुपया पडलं. तुमच्या हातातल्या नाण्यात आज चांदीचा कणही नाही, पण नाव तेच आहे. पैशाची नावं अशी चिवट असतात. पैसा कुठून आला आणि त्यासाठी कोणाला काय द्यावं लागलं, ते त्यांच्यात साठून राहतं. आज त्या नावांपाशी थोडं थांबू.

आधी दूरचं एक नाव. अमेरिकेत बोलताना डॉलरला ‘बक’ म्हणतात. बक म्हणजे नर हरीण. अठराव्या शतकात तिथल्या सरहद्दीवर हरणाची कातडी देऊन माल घेतला जाई. 1748 सालच्या एका नोंदीत व्हिस्कीच्या पिंपाचा भाव पाच बक असा सांगितला आहे. श्वास सावकाश सोडा आणि त्यातलं एक कातडं डोळ्यांपुढे आणा. कोणीतरी माग काढला, कोणीतरी ते सोललं, ताणून वाळवलं, पाठीवर घालून बाजारापर्यंत नेलं. आज बक म्हणणाऱ्याच्या मनात यातलं काही येत नाही, पण त्याच्या जिभेवर ते हरीण अजून आहे.

आता आपल्या जिभेकडे वळा. कांदा कवडीमोलानं गेला, असं आपण सहज म्हणतो. ती कवडी मालदीवच्या समुद्रातून जहाजानं यायची आणि गरिबाचा बाजार तिच्यावर चालायचा. दमडी हा दामाचा बारीकसा तुकडा. अकबराच्या काळी एका रुपयाला चाळीस दाम पडत. ज्यांच्या हातात रुपया क्वचितच यायचा, त्यांचा दिवस कवड्या-दमड्यांत मोजला जायचा. ही नाणी कधीच गेली, तरी ‘दमडी नाही’ म्हणताना रिकाम्या हाताचं दुःख त्याच जुन्या शब्दानं सांगितलं जातं.

इथून मनानं पाटोद्याला या. बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरावरचा हा तालुका. मांजरा नदी इथेच उगम पावते, पण तिचं मोठं पाणी पुढे खाली जाऊन होतं. 1948 पर्यंत हा निजामाचा मुलूख होता आणि इथला रुपया ‘हाली’. पलीकडे नगर जिल्ह्यात इंग्रजांचा ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला. सहा कलदारांना सात हाली असा साधारण हिशेब असे. एक शिवार ओलांडलं की हातातल्या पैशाची किंमत बदलायची, माणसाचे कष्ट मात्र तेवढेच राहायचे. हाली म्हणजे ‘चालू’. चालू म्हणवणारं ते नाणंही पुढे चलनातून गेलं. ज्या नाण्याला राज्यकर्ते कायमचं समजतात, त्यालाही मुदत असते. हे एकदा मनात नीट उतरू द्या.

आणि आता पाटोद्यात आजही रोज बोललं जाणारं पैशाचं एक नाव घ्या. उचल.

दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम आगाऊ रक्कम देतो, ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर ठरते. पैसा आधी हातात येतो, लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जातो, आणि मग महिनोन्‌महिने टनाटनानं ऊस तोडून तो फेडायचा असतो. पहाटेच्या थंडीत फड गाठायचा, बुडख्याशी कोयता घालायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. कामाला न जाता आलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, आजारपण, बाळंतपण, सगळं याच हिशेबात येतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न इतका गंभीर झाला, की 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते. ‘अंगावर’ हा शब्द दोनदा मनात म्हणा. कर्जाचं वजन कुठे पडतं, ते त्यात आहे.

त्याच फडात पैशाचं आणखी एक नाव ऐकू येतं, वाढ्याचे पैसे. उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढं. जिथे ते मजुराला मिळतं, तिथे बाई त्याच्या पेंढ्या बांधते आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी विकते. तेवढे पैसे आज हातात येतात. त्यातून मीठ-तेल, लेकरासाठी बिस्किटाचा पुडा. एका पैशानं पुढचे महिने आधीच बांधून टाकलेले असतात, दुसरा आजच्या दिवसापुरता आपला असतो. दोन्ही रुपयेच. या दोहोंपैकी तुमच्या हातात येणारा पैसा कोणत्या जातीचा आहे, हे स्वतःला विचारा. घाई नको. उत्तर येईपर्यंत बसा.

हे मनन व्यवहारात उतरवायचं तर साखरेचे पैसे देताना एक क्षण थांबा आणि त्या पैशाला मनात ‘उचल’ म्हणा. वर्षात चार-पाचदा जरी आठवण झाली, तरी मजुरीच्या दराची, विम्याची, फडावरच्या बायकांच्या तपासणीची बातमी तुम्ही पान न उलटता वाचाल. मतही मांडाल आणि जाबही विचाराल. पाटोद्याच्या जिभेवर कवडी, दमडी, हाली राहिले आणि व्यवहारातून गेले. उचल हा शब्दही तसाच जुना व्हावा, आधी काम आणि मग पुरता पगार हीच इथली रीत व्हावी, आणि पुढच्या पिढीला त्याचा अर्थ म्हाताऱ्यांना विचारावा लागावा.