वनातील गाभारा

सर्वांभूती भगवद्भाव हा आपल्या संप्रदायाचा प्राण. पण मुंगीला साखर घालताना जो भाव सोपा, तो वाघापुढे कठीण. गडचांदुरास सप्ताहात काल्याचे कीर्तन झाल्यावर एका माऊलीने आम्हास विचारले, "बुवा, मोहफुलं वेचाले गेलेल्या माह्या जावेले वाघानं नेलं. त्या वाघात आमी इठ्ठल कसा पाहाव?"

दुसरे दिवशी मंडळींसह, लेकराबाळांसह, आम्ही चंद्रपूरवरून मोहर्लीच्या दाराने ताडोब्यात गेलो. हे वन १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले; पुढे अंधारी अभयारण्य मिळून १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला. आतल्या सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांस 'गाभा क्षेत्र' म्हणतात. शब्द किती नेमका! गाभाऱ्यात गलका करू नये, कचरा टाकू नये, तसेच येथे. गाडीतून उतरायचे नाही. आषाढीस देव शयन करतो, तसे हे वनही पावसाळ्यात पर्यटकांस बंद असते. आम्हास चितळ दिसले, गवे दिसले, वाघ दिसला नाही. पोरे हिरमुसली. त्यांस म्हटले, "बाळांनो, गर्दीत विठोबा दिसला नाही तर आपण कळसाला हात जोडतोच ना? वन हा वाघाचा कळस."

त्या माऊलीचे उत्तर तळ्याकाठी आहे. तेथे तारू देवाचे ठाणे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना पडला, अशी कथा. आदिवासी बांधवांनी त्यास देव मानले, आणि वन त्याच्याच नावाने ओळखले जाते. मेलेल्यास विसरले नाहीत, वनही तोडले नाही. भूतदया ती हीच, दोहोंकडे पाहणारी.

उद्योगपर्वात विदुर सांगतो की वाघावाचून वन टिकत नाही, वनावाचून वाघ. आम्ही त्यात एवढेच जोडतो, की काठावरच्या माणसावाचून दोन्ही टिकणार नाहीत. अग्नीत नारायण आहे म्हणून कोणी चुलीत हात घालीत नाही. वाघात विठ्ठल पाहणे म्हणजे त्याची वाट सोडणे, पहाटे एकट्याने रानात न जाणे. आणि आपण तिकीट काढून येणारे? जामणी, नवेगावच्या लोकांनी या वनासाठी घरेदारे सोडली. ज्या घरची माणसे गेली, त्यांच्या भरपाईच्या कागदासाठी त्यांच्यासोबत कचेरीत जाणे, हेही हरिभजनच होय.

बोला, पुंडलिकवरदे हरि विठ्ठल!