तिची संमती, त्याची शपथ

न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ रेनाटस हार्टोग्ज हे बऱ्यापैकी नाव असलेले गृहस्थ. पुढे केनेडींचा मारेकरी ठरलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डला तो शाळकरी असताना त्यांनी १९५३ साली तपासले होते. त्यामुळे त्या खुनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. १९७५ मध्ये मात्र ते स्वतःच प्रतिवादी म्हणून न्यायालयात उभे होते. उपचारांच्या नावाखाली त्यांनी आपल्याशी शरीरसंबंध ठेवले, असा दावा एका माजी रुग्ण स्त्रीने लावला होता. हार्टोग्ज यांनी आरोप साफ नाकारला. शिवाय एक कायदेशीर मुद्दाही पुढे आला: फूस लावल्याबद्दलचे दावे न्यूयॉर्कने १९३५ सालीच बंद केले आहेत, मग सज्ञान बाईने राजीखुशीने केलेल्या गोष्टीची भरपाई कसली? ज्यूरीने साडेतीन लाख डॉलर मंजूर केले, अपिलात ते २५ हजारांवर आले. पण दावा टिकला.

राजीखुशीचा तो मुद्दा मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. तिची संमती खरी मानली तर गुन्हा कोणता? आणि खोटी मानली, तर मतदान करणारी, मृत्युपत्र लिहिणारी बाई उपचाराच्या खोलीत शिरताच अजाण ठरते. मनाचा आजार असलेल्यांना समाज एरवीही अजाणच समजतो. त्यांच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाने तोच शिक्का मारावा, हे विचित्रच.

या पेचातून वाट काढली ती फ्रॉइडने. रुग्णाला उपचारकाविषयी वाटणाऱ्या प्रेमावर त्याने १९१५ साली एक निबंध लिहिला. ते प्रेम नकली असते असे म्हणून तो मोकळा झाला असता, पण तसे तो म्हणत नाही. इतर कुठल्याही प्रेमाइतकेच तेही खरे असू शकते, हे तो मान्य करतो. मात्र उपचार सुरू करून ते जागे केले उपचारकाने, म्हणून त्यातून लाभ उठवायचा नाही हे बंधनही त्याच्यावरच. ती तयार असल्याने काही बदलत नाही. उलट सगळी जबाबदारी त्याच्या एकट्यावर येते. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेचा रोखही हाच आहे. रुग्णाच्या घरात जाणारा वैद्य तिथल्या स्त्री-पुरुषांशी संग करणार नाही, मग ती माणसे स्वतंत्र असोत वा गुलाम. समोरच्याच्या होकार-नकाराचा तिथे विचारच नाही. वैद्य स्वतःला बांधून घेतो.

फ्रॉइडचे आचरण मात्र या विचाराच्या मागेच राहिले होते. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात १९०४ साली दाखल झालेली साबिना श्पीलराइन ही तिथला डॉक्टर युंग याची रुग्ण. पुढे दोघांच्या जवळिकीचे प्रकरण १९०९ मध्ये फ्रॉइडपर्यंत पोहोचले, तेव्हा अशा अनुभवांनी आपली कातडी निबर होते, असा दिलासा त्याने युंगला पत्रातून दिला. व्यवसायातल्या माणसांनी व्यवसायातल्या माणसाला सांभाळून घ्यायचे, ही रीत इतकी जुनी आहे.

नियम आले ते फार उशिरा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या १९९२ च्या संहितेने उपचार संपल्यावर दोन वर्षांची बंदी घातली. त्यानंतरही शोषण झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार मानसशास्त्रज्ञावरच ठेवला. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने माजी रुग्णांच्या बाबतीतही कायमची मनाई केली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने त्याहून कडक पाऊल उचलले: रुग्णाशी संभोग सिद्ध झाला की परवाना रद्द, आणि पाच वर्षे परत मागायचाही नाही. तिथे एका कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणके-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याने, आपल्या सोबत राहणाऱ्या जोडीदारावरच उपचार केले होते. त्याचाही परवाना गेला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केले. ही शिक्षा कठोर आहे, कदाचित अन्यायकारकही. तरी प्रत्येक वेळी तिच्या मनात काय होते याची चिरफाड करण्यापेक्षा त्याने मर्यादा ओलांडली का, एवढेच विचारणे अधिक न्याय्य.

पण मर्यादा ओलांडणाऱ्याचा परवाना काढून घ्यायचा, तर आधी त्याची नोंदणी हवी. भारतात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांना वर्षानुवर्षे अशी अट नव्हती. २०२१ च्या नव्या कायद्याने त्यांच्यातल्या अनेकांना प्रथमच नोंदणीच्या कक्षेत घेतले. तेव्हा पहिल्या भेटीत फी विचारताना नोंदणी क्रमांकही विचारावा. नोंदवहीत ज्याचे नावच नाही, त्याचे नाव कोणतीही परिषद खोडू शकत नाही.